आधी पाण्याचा हिशेब, मग ठिबक: पाच एकरांत पाणी उन्हाळ्यापर्यंत कसं पुरवायचं

ठिबक बसवलं, शेततळं झालं, मोटर मोबाइलवरून सुरू होते, आणि तरी फेब्रुवारीत विहीर तळाला गेलेली. मराठवाड्यात, माण-खटावकडे, नगर जिल्ह्याच्या दक्षिण भागात अशी शेतं गावोगाव आहेत. खोट साधनांत नसते. पाणी किती आहे हे न मोजता पेरा केला, की उत्तम साधनसुद्धा पाणी संपवण्याचंच काम करतं, फक्त जरा सावकाश. म्हणून इथे क्रम उलटा धरला आहे: आधी मोजणी, मग पीक, मग पाऊस अडवणं आणि साठवणं, आणि ठिबक-सेन्सर त्यानंतर.

उदाहरणाला एक शेत धरू. जालना-बीडकडचं, पाच एकर, मध्यम काळी जमीन, वीस फूट म्हणजे सहा मीटर व्यासाची एक विहीर, साधारण वर्षी ६०० मिमी पाऊस. आकडे वाचताना शेजारी आपल्या शेताचे आकडे मांडत चला.

पहिलं काम: दसऱ्याच्या सुमारास विहीर मोजा

एक मिमी पाऊस एका एकरावर पडला की चार हजार लिटर पाणी होतं. ६०० मिमीला एकरी चोवीस लाख लिटर, आणि पाच एकरांवर एक कोटी वीस लाख. हा आकडा ऐकला की लोकांचा विश्वास बसत नाही, पण गणित साधं आहे. यातलं बरंचसं पिकं आणि ऊन घेतात, काही वाहून जातं, थोडं मुरतं. हे मुरलेलं थोडं म्हणजेच तुमचा रब्बी आणि उन्हाळा.

पावसाचा आकडा राज्य कृषी विभागाच्या महारेन संकेतस्थळावर महसूल मंडळनिहाय मिळतो. पण मंडळाच्या गावात पडलेला पाऊस आपल्या शिवारात पडलेलाच असतो असं नाही. सरळ भिंतींची काचेची बरणी उघड्यावर ठेवून रोज सकाळी आठला पट्टीने मोजलं तरी भागतं.

आता विहीर. दोरीला फुटाफुटावर गाठी मारा आणि खाली दगड बांधा. काठावर एक जागा चुन्याने पक्की करा, दर वेळी तिथूनच दोरी सोडायची. सकाळी पाण्याची पातळी घ्या, मोटर लावून पाणी पाच फूट उतरवा, मोटर बंद करा आणि पातळी पुन्हा वर यायला किती तास लागतात ते बघा. सहा मीटर व्यासाच्या विहिरीत दर मीटरला साधारण २८ हजार लिटर पाणी असतं. पाच फूट, म्हणजे दीड मीटर पाणी बारा तासांत भरून आलं, तर बारा तासांत ४२ हजार, दिवसाला ऐंशी हजारांच्या वर आवक झाली.

ही मोजणी ऑक्टोबरच्या मध्यावर, डिसेंबरात आणि फेब्रुवारीत अशी तीनदा करायची. झरे कमी होत जातात, आणि नेमकं हेच लोक विसरतात. ऑक्टोबरची आवक बघून लावणी करतात आणि फेब्रुवारीची आवक बघून टँकर बोलावतात. आपल्या उदाहरणात ऑक्टोबरात ऐंशी, डिसेंबरात पंचेचाळीस आणि फेब्रुवारीत वीस हजार लिटर धरू. मधल्या चार महिन्यांची सरासरी पंचेचाळीस हजार आणि दिवस १२०, म्हणजे एकूण ५४ लाख लिटर. पहिल्या वर्षी हा अंदाज चुकेल. तीन वर्षांच्या नोंदी हाताशी आल्या, की कृषी सहायकापेक्षा तुमची वही जास्त खरं सांगेल.

मोटर तासाला किती पाणी फेकते तेही याच दिवशी बघून घ्या. दोनशे लिटरचा ड्रम पाइपाखाली धरा आणि किती सेकंदांत भरतो ते पाहा. पंचवीस सेकंद लागले, तर तासाला जवळपास २९ हजार लिटर.

बोअर असेल तर ती या जमाखात्यात धरू नका. महाराष्ट्राचा बहुतेक भाग काळ्या पाषाणावर, बेसाल्टवर बसलेला आहे. या दगडात पाणी मुख्यतः वरच्या झिजलेल्या थरात आणि भेगांत असतं. खोल जाल तशा भेगा कमी होतात, आणि खाली जे पाणी लागतं ते भरून यायला फार काळ जातो. सहाशे-आठशे फुटांवर लागलेलं पाणी पहिल्या वर्षी भरपूर वाटतं, त्याचं कारण ते साठलेलं असतं. शिवाय महाराष्ट्र भूजल अधिनियम, २००९ मध्ये ६० मीटरपेक्षा खोल विहीर ही खोल विहीर मानली आहे आणि शेतीसाठी ती घेण्यावर बंधनं आहेत. बोअर घरासाठी आणि जनावरांसाठी राखून ठेवा.

खर्चाची बाजू: कोणतं पीक किती पितं

सगळ्यात आधी घर आणि गोठा. पाच माणसं आणि चार जनावरं धरली तर दिवसाला पाचशे-सहाशे लिटर पुरतात. ऑक्टोबर ते मे, सगळे मिळून सव्वा-दीड लाख लिटर. आता शेजारी हा आकडा ठेवा: एक एकर गव्हाला पाटाने दिलेली एकच पाळी, ७५ मिमीची, तीन लाख लिटर खाते. घरच्या आठ महिन्यांच्या दुप्पट! पिण्याच्या पाण्याची टंचाई म्हणतो ती बहुतेक गावांत शेवटच्या एक-दोन पाळ्यांची टंचाई असते.

पिकांचे ढोबळ एकरी हिशेब असे मांडता येतात. पाटपाण्यावरचा गहू सहा पाळ्यांत अठरा लाख लिटर घेतो. तुषारवरचा हरभरा पन्नास मिमीच्या दोन पाण्यांत चार लाखांवर येतो. रब्बी ज्वारीला एक संरक्षित पाणी दिलं तर अडीच लाखांच्या आत काम होतं. ठिबकवरचा रांगडा (उशिरा खरिपातला) कांदा पंधरा-सोळा लाख. डाळिंबाची तीनशे झाडं ऑक्टोबर ते मे या काळात सोळा लाखांच्या आसपास. आणि ऊस पाटाने दिला तर वर्षाला एकरी एक कोटी लिटर. ठिबकवर घेतला तरी याच्या निम्म्याच्या वरच राहतो. २०१६च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आणावं लागलं, तेव्हा त्या भागातल्या उसावर भरपूर बोललं गेलं. पुढचा पाऊस बरा झाला आणि विषय संपला.

आता ५४ लाखांतून वीस टक्के बाजूला काढा. मोटर जळते, डीपी जाते, थंडी लवकर सरते, त्यासाठी ही ठेव. उरले ४३ लाख. यात तीन एकर गहू बसतच नाही. पण एक एकर डाळिंब (चार महिन्यांचे सहा लाख), दोन एकर हरभरा, एक एकर ज्वारी आणि एक एकर रांगडा कांदा मिळून बत्तीस लाखांत बसतात. उरलेलं पाणी दिसतंय म्हणून उन्हाळी भुईमूग लावायचा मोह होतो. लावू नका. तेच पाणी मार्चनंतर घर, गोठा आणि बागेचं आहे.

हा हिशेब एका शेतकऱ्याने करण्यापेक्षा गावाने केला तर त्याला खरा अर्थ येतो. नगर जिल्ह्यातल्या हिवरे बाजारने हे करून दाखवलं. तिथे पोपटराव पवारांच्या पुढाकाराने दरवर्षी पाऊस आणि विहिरींची पातळी बघून ग्रामसभेत पाण्याचा ताळेबंद मांडला जातो. आधी पिण्याचं पाणी, मग जनावरं, मग पिकं. शेतीसाठी बोअर नाही, ऊस-केळी नाही. त्याआधी, १९७२च्या दुष्काळानंतर, पुरंदर तालुक्यात विलासराव साळुंखे यांनी पाणी पंचायत सुरू केली. तिथे पाणी जमिनीच्या नव्हे, माणसांच्या हिशेबाने वाटलं गेलं: माणशी अर्धा एकर, कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकर, भूमिहीनालाही वाटा, आणि ऊस बंद. दोन्हीकडे यंत्रांच्या आधी नियम आले.

दुसरं काम: पाऊस शेतातच थांबवा

याला पैसा सर्वांत कमी लागतो आणि लक्षही सर्वांत कमी दिलं जातं, कारण यात उद्घाटन करण्यासारखं काही नसतं.

पेरणी आणि वखरणी उताराला आडवी करा. सोयाबीन, तूर, मूग शक्य असेल तिथे रुंद सरी-वरंब्यावर घ्या. त्याचं पेरणीयंत्र मिळत नसेल तर साध्या पेरणीत दर चार ओळींनंतर पीक महिनाभराचं झालं की बळीराम नांगराने सरी काढा. जोराच्या पावसात ही सरी जादा पाणी सावकाश बाहेर नेते आणि उघडीप पडली की तिच्यातला ओलावा दोन्ही बाजूंच्या ओळींना मिळतो. रब्बी ज्वारीसाठी ठेवलेल्या रानात पावसाळ्यातच सहा ते दहा मीटरचे चौकोनी कप्पे पाडून ठेवा. सोलापूरच्या कोरडवाहू पट्ट्यात ही कप्पेबंदिस्ती जुनी आहे. सप्टेंबरचा पाऊस कप्प्यातच जिरतो आणि ज्वारी त्या ओलीवर उभी राहते.

हलक्या, मुरमाड तुकड्यावर तलावातला गाळ टाकणं हाही पाणी साठवण्याचाच प्रकार. दोन-तीन इंचांचा थर पुरतो. आधीच भारी असलेल्या काळ्या रानात गाळ ओतून काही मिळत नाही, उलट निचरा बिघडतो.

तिसरं काम: विहिरीचं पुनर्भरण

शेतातून ओढ्याकडे जाणारं पाणी वळवून विहिरीत सोडायचं, पण गाळून. गढूळ पाणी थेट सोडलं, की दोन पावसाळ्यांत झरे बुजतात, आणि मग गाळ काढायला क्रेन लावावी लागते.

रचना अशी. पाणी ज्या बाजूने येतं तिथे आधी एक छोटा खड्डा घ्या, दीड मीटर लांब, एक मीटर रुंद आणि एक मीटर खोल. यात माती खाली बसते. त्याच्यापुढे, विहिरीपासून दोन-तीन मीटर अंतर राखून, दोन मीटर लांब-रुंद-खोल असा गाळण खड्डा. त्याच्या तळातून विहिरीत चार ते सहा इंची पीव्हीसी पाइप टाका. पाइपाचं विहिरीतलं तोंड कडेपासून फूटभर पुढे आलं पाहिजे, नाहीतर पडणारं पाणी बांधकाम धुऊन नेतं. खड्ड्यातल्या तोंडाला जाळी बांधा. मग खालून वर: मोठे दगड, लहान दगड, खडी, सर्वांत वर जाड वाळू, प्रत्येकी फूटभर. वरचा दोन-अडीच फूट भाग मोकळा ठेवा, पाणी तिथे उभं राहायला हवं.

मोसमातलं पहिलं पाणी आत घेऊ नका. गोठ्याकडून, उकिरड्यावरून किंवा नुकतीच फवारणी झालेल्या रानातून येणारं पाणीही नको. वरची वाळू दरवर्षी मेमध्ये काढून धुवायची. हे एक काम चुकलं की तिसऱ्या वर्षी खड्ड्यात नुसतं तळं साचतं आणि विहिरीत थेंब जात नाही.

बोअरचं पुनर्भरणही याच पद्धतीने होतं. केसिंगभोवती (बोअरच्या वरच्या पाइपाभोवती) खड्डा, खड्ड्यातल्या केसिंगला बारीक छिद्रं, त्यावर नायलॉनची जाळी गुंडाळून पक्की बांधलेली, आणि भोवती दगड-खडी-वाळू. इथे मात्र शेतातल्या पाण्यापेक्षा छपराचं पाणी वापरा, कारण बोअरमध्ये गेलेली घाण बाहेर काढता येत नाही. साठ चौरस मीटरच्या पत्र्यावर ६०० मिमीच्या वर्षी गळती वजा जाता सत्तावीस-अठ्ठावीस हजार लिटर पाणी मिळतं. यातलं पाच-दहा हजार टाकीत साठवा, बाकीचं बोअरला द्या.

चौथं काम: शेततळं, पण किती मोठं?

३० बाय ३० मीटर, खोली ३ मीटर, बाजूंचा उतार एकास एक. अशा तळ्यात जवळपास २२ लाख लिटर मावतात. बहुतेकांना हेच हवं असतं. पण ते भरायचं कशाने? ६०० मिमी पावसातलं पंधरा टक्के पाणी वाहून तळ्याकडे आलं असं धरलं, तर एकराला साडेतीन लाखांच्या थोडं वर मिळतं. २२ लाखांसाठी सहा एकरांचं वाहतं पाणी लागेल, आणि तेही चांगल्या वर्षी. पाच एकरवाल्याचं हे तळं आपल्या पावसावर भरत नाही. मग ते बोअरने भरलं जातं.

इथे मी स्पष्टच लिहितो: जानेवारीत बोअर आणि विहीर उपसून प्लॅस्टिकच्या तळ्यात पाणी भरणं म्हणजे जमिनीखाली सावलीत असलेलं सामायिक पाणी वर आणून उन्हात ठेवणं. त्यात शेजाऱ्याच्या विहिरीचंही पाणी येतं. पावसाळ्यात विहीर काठोकाठ भरली आहे, ओढा वाहतो आहे, अशा वेळी उचललं तर गोष्ट वेगळी.

पाच एकरांना २० बाय २० बाय ३ मीटरचं तळं शोभतं. त्यात पावणेनऊ लाख लिटर मावतात आणि ते सरासरी वर्षी भरतं. आता मार्च ते मे बघा. चारशे चौरस मीटर पृष्ठभागावरून दिवसाला सहा मिमी जरी उडालं, तरी तीन महिन्यांत दीड-दोन लाख लिटर हवेत जातात. हातात उरतात सात लाख. उन्हाळ्यात डाळिंबाच्या तीनशे झाडांना दिवसाला नऊ हजार, नव्वद दिवसांचे आठ लाखांच्या वर. म्हणजे तळं पूर्ण भरलं तरी झाडं अडीचशेच धरायला हवीत. हे लावणीआधी कळलं तर पन्नास रोपांचे पैसे वाचतात. नंतर कळलं तर मेमध्ये टँकर लागतो.

अस्तराचं प्लॅस्टिक ५०० मायक्रॉनचं, आयएसआय मार्कचं घ्या. अंथरण्याआधी उतारावरचे धसकट, दगड, मुळ्या हाताने वेचून काढा, कारण तळं बहुतेक वेळा पहिल्याच वर्षी टोकदार दगडाने फाटतं. कडेने फूट-दीड फूट खोल चर खणून प्लॅस्टिकची कड त्यात पुरायची. पाणी येण्याच्या वाटेवर गाळ बसायला छोटा खड्डा आणि जादा पाणी जायला सांडवा हवाच.

आणि कुंपण. प्लॅस्टिकचा ओला उतार इतका निसरडा असतो की पोहता येणारा माणूसही वर येऊ शकत नाही. शेततळ्यात बुडून मुलं गेल्याच्या बातम्या दर उन्हाळ्यात येतात. चारही बाजूंनी खुंटीला बांधलेले गाठी मारलेले दोर आत सोडून ठेवा, प्रत्येकाच्या टोकाला हवा भरलेली जुनी ट्यूब. याला हजार-दोन हजारांपेक्षा जास्त लागत नाहीत आणि हे तळं भरण्याच्या आधी झालं पाहिजे.

पाचवं काम: ठिबक, आणि खरं म्हणजे ठिबकची देखभाल

बसवायचं कसं ते कंपनीचा माणूस सांगतो. तिसऱ्या वर्षी काय करायचं ते कोणी सांगत नाही.

फिल्टर पाण्यानुसार निवडा. विहीर किंवा शेततळ्याच्या पाण्यात शेवाळ असतं, त्याला सँड फिल्टर आणि पुढे जाळीचा किंवा डिस्क फिल्टर लागतो. बोअरमधून वाळू येत असेल तर आधी हायड्रोसायक्लॉन, म्हणजे पाणी गरगर फिरवून वाळू वेगळी करणारा फिल्टर. पैसे वाचवायचे म्हणून सँड फिल्टर वगळला, तर ते पैसे नळ्या बदलण्यात जातात. फिल्टरच्या आधी आणि नंतर दाबमापक बसवा. दोन्हींतला फरक वाढला की फिल्टर धुवायची वेळ झाली.

वर्षातून दोनदा ड्रिपर, म्हणजे नळीवरच्या तोट्या, तपासा. एकसारखे डबे घ्या, प्लॅस्टिकचे श्रीखंडाचे डबे चालतात. पहिली नळी, मधली नळी, शेवटची नळी, आणि प्रत्येकीच्या सुरुवातीला, मध्ये आणि टोकाला ड्रिपरखाली एकेक डबा. बरोबर पंधरा मिनिटं पाणी सोडा आणि मोजा. ताशी चार लिटरच्या ड्रिपरखाली एक लिटर पडलं पाहिजे. टोकाच्या डब्यात सहाशे मिली आणि सुरुवातीच्या डब्यात लिटर निघालं, तर शेवटची झाडं पिवळी का पडतात याचं उत्तर डब्यात आहे. अशा वेळी बहुतेक जण मोटर जास्त वेळ चालवतात. त्याने टोकाच्या झाडांना पुरतं, पण पहिल्या झाडांच्या मुळाशी चिखल होतो.

आधी नळ्यांची टोकं उघडून पाणी सोडा. सुरुवातीला चहाच्या रंगाचं, मातकट पाणी येतं. ते नितळ होईपर्यंत टोक बंद करू नका, आणि एका वेळी चार-पाचच नळ्या उघडा, नाहीतर दाब पडतो आणि घाण आतच राहते. याने भागलं नाही, तर तोटीवरचा थर बघा. पांढरा, खडूसारखा असेल तर क्षार: त्याला आम्लप्रक्रिया. बुळबुळीत, हिरवा असेल तर शेवाळ: त्याला क्लोरीन.

आम्लप्रक्रियेसाठी दहा लिटर पाण्याच्या बादलीत थोडं थोडं आम्ल टाकत पीएच कागदाने बघत सामू (पीएच) चारपर्यंत आणा. किती मिली लागलं त्यावरून संचाच्या पाण्याला किती लागेल ते काढा, व्हेंचुरीतून (ठिबकच्या पाण्यात खत-औषध ओढून घेणाऱ्या जोडणीतून) सोडा, चोवीस तास नळ्यांत राहू द्या आणि मग सगळं धुऊन काढा. पाण्यात आम्ल टाकायचं, आम्लात पाणी कधीच नाही. आम्ल आणि ब्लीचिंग पावडर एकत्र आणू नका, विषारी वायू होतो. हातमोजे आणि चष्मा घालूनच हे काम करा.

सहावं काम: किती वेळ मोटर चालवायची

खरी बचत इथे आहे. ठिबक असूनही रोज 'लाइट आहे तोवर' पाणी देणारी शेतं मी जितकी पाहिली आहेत, तितकी दुसरी कुठली चूक पाहिली नाही.

हिशेब असा. दिवसाचं बाष्पीभवन मिमीमध्ये घ्या, त्याला ०.७ ने गुणा, मग पिकाच्या वाढीच्या अवस्थेनुसारच्या गुणांकाने गुणा, झाडाच्या वाट्याच्या क्षेत्राने आणि त्यातल्या भिजणाऱ्या भागाने गुणा, शेवटी ठिबकच्या कार्यक्षमतेसाठी ०.९ ने भागा. डाळिंब साडेचार बाय तीन मीटरवर असेल तर झाडाचं क्षेत्र साडेतेरा चौरस मीटर. गुणांक ०.७ आणि भिजणारा भाग ४० टक्के धरू. डिसेंबरात बाष्पीभवन साडेचार मिमी असेल तर उत्तर येतं १३ लिटर. एप्रिलमध्ये अकरा मिमीला ३२ लिटर. झाडाला ताशी चार लिटरचे चार ड्रिपर असतील तर डिसेंबरात पन्नास मिनिटं, एप्रिलमध्ये दोन तास. डिसेंबरातही दोन तास मोटर चालली तर सव्वा तासाचं पाणी मुळांच्या खाली गेलं, आणि सोबत युरियाही गेला.

बाष्पीभवनाचा आकडा जवळच्या कृषी विद्यापीठाच्या किंवा कृषी विज्ञान केंद्राच्या हवामान सल्ल्यात मिळतो. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाचं 'फुले इरिगेशन शेड्युलर' हे गुणाकार परस्पर करून देतं.

मातीला विचारायची रीत मात्र सोडू नका. मुळांच्या जवळ वीतभर खालची माती मुठीत दाबा. गोळा होतो, पण बोटाने ढकलल्यावर फुटतो, तर वाफसा आहे, पाणी नको. गोळाच होत नसेल तर द्या. हाताला ओल लागून माती चिकटत असेल तर दोन-तीन दिवस मोटर बंद ठेवा.

मातीची ओल मोजणारा सेन्सर किंवा टेन्सिओमीटर घ्यायचा तर जोडीने घ्या: एक वीस सेंटिमीटरवर, दुसरा चाळीसवर. वरच्यावरून पाणी कधी द्यायचं ते कळतं. खालच्याचं काम त्याहून मोलाचं. पाणी दिल्यावर दर वेळी खालचाही ओला दाखवत असेल तर तुम्ही जास्त देताय. एकाच सेन्सरवर पाच एकरांचा निर्णय घेऊ नका, खडकाळ कोपरा आणि खोलगट भाग वेगळे वागतात.

ऑटोस्विच काढून टाका. रात्री दोनला लाइट येते, मोटर आपोआप सुरू होते, आणि सकाळपर्यंत पाणी कुठे गेलं ते कोणालाच ठाऊक नसतं. त्याऐवजी मोबाइल स्टार्टर घ्या, ज्यात ठरलेल्या मिनिटांनी मोटर बंद होण्याची आणि विहीर रिकामी झाल्यास थांबण्याची सोय असेल. सौर पंपाने रात्रीचं दारं धरणं वाचतं, साप-विंचवाचं भय जातं, ही मोठी गोष्ट. पण ऊन आहे तोवर पंप फुकट चालतो, म्हणून त्यालाही वेळेची मर्यादा घालावी लागते.

आच्छादन विसरू नका. बागेत उसाचं पाचट, सोयाबीनचा भुसा, काडीकचरा, जे मिळेल ते चार इंच. उन्हाळ्यात आच्छादन असलेल्या झाडाच्या बुडाशी हात घालून बघा आणि नसलेल्या झाडाच्याही.

घरचं सांडपाणी

माणशी ५५ लिटर धरलं तर पाच जणांच्या घरातून दिवसाला दोनशे लिटर सांडपाणी निघतं. शेवगा, कढीपत्ता, पपई, केळीचे दोन-चार खुंट, अळू एवढ्यावर सहज निघतात. मोरीच्या पाइपापुढे जाळी आणि वाळू-खडीचा छोटा खड्डा ठेवा, पाणी मुळाशी सोडा, आणि कच्च्या खायच्या पालेभाज्यांना देऊ नका. संडासाचं पाणी यात येता कामा नये. परसबागेला जागाच नसेल तर शोषखड्डा. मध्ये छिद्रांची सिमेंटची टाकी आणि भोवती दगड, या रचनेने नांदेड जिल्ह्यातल्या टेंभुर्णीत गटारंच नाहीशी झाली.

पैसे आणि कागद

एकदम सगळं होत नाही. पहिल्या वर्षी दोरी, वही, सरी-कप्पे आणि पुनर्भरण खड्डा. दुसऱ्या वर्षी ठिबक, चांगल्या फिल्टरसह. शेततळं तिसऱ्या वर्षी, दोन हंगामांच्या नोंदी हातात आल्यावर, कारण त्याचं माप त्या नोंदींवरूनच ठरणार आहे.

ठिबक-तुषारला महाराष्ट्रात केंद्राचं आणि राज्याचं पूरक अनुदान मिळून अल्प-अत्यल्प भूधारकांना ८० टक्के आणि इतरांना ७५ टक्के मिळतात. टक्केवारी सरकारने ठरवलेल्या मापदंडाच्या किमतीवर असते, दुकानदाराच्या बिलावर नव्हे, हे सौदा करताना लक्षात ठेवा. अर्ज राज्य सरकारच्या महाडीबीटी संकेतस्थळावर करायचा, शेतकरी ओळख क्रमांक आधी काढून घ्यायचा. पूर्वसंमती हातात येण्याआधी संच खरेदी केला तर अनुदान मिळत नाही. सातबाऱ्यावर विहिरीची नोंद आहे का ते अर्जाआधी तपासा. सामायिक विहीर असेल तर भावकीची संमती लेखी घ्या, आणि त्याच कागदावर पाळ्यांचे दिवस आणि मोटरचे तासही लिहून घ्या.